लास्काचे नाक

आपल्याकडे गोष्टींतल्या प्राण्यांना वाचा फार लवकर फुटते. पंचतंत्रातला कोल्हा राजनीती सांगतो. त्याच्या अंगाला कोल्ह्याचा वास मात्र कधी येत नाही. म्हणूनच टॉलस्टॉयच्या, १८७८ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘अ‍ॅना कॅरेनिना’तली लास्का ही शिकारी कुत्री मला अपूर्व वाटते.

कादंबरीच्या सहाव्या भागात लेविन पाहुण्यांसह दलदलीत पाणलाव्यांच्या शिकारीला जातो. पहिला दिवस वाईट जातो. ओब्लॉन्स्की १४ पाखरे मारतो. चडफडत हिंडणाऱ्या लेविनचा नेम मात्र चुकत राहतो. दुसऱ्या दिवशी पहाटे, पाहुणे झोपेत असताना, तो एकट्या लास्काला घेऊन निघतो, आणि टॉलस्टॉय आपल्याला चक्क तिच्या नाकाशी नेऊन बसवतो. वाऱ्याचा रोख धरून ती पाखराचा माग काढीत असते. तोच धनी तिला भलतीच जागा दाखवतो. तिथे काही नाही हे तिला पक्के ठाऊक असते. तरी त्याचे मन राखायला ती शोधल्यासारखे करते, आणि मग परत आपल्या जागी येऊन ताठ उभी राहते.

कुत्रीच्या डोक्यात माणसाचे विचार घातले, असा आक्षेप कोणी घेईल. मला तो पटत नाही. वास, वारा आणि धनी यांपलीकडे तिचा विचार जातच नाही. पुढे झेपावले तर हाती आलेला वास हरवेल, ही तिची भीती अस्सल कुत्र्याचीच आहे. हुकूम सोडणारा अजाण आणि पाळणारा जाणता, हा आपल्या घराघरांतला प्रकार इथे उपदेशाचा एक शब्दही न येता दिसतो.

माझी तक्रार निराळी आहे. कुत्रीच्या मनात शिरणारा हा लेखक पाखराच्या दाराशी क्षणभरही थांबत नाही. १९ पाखरे आणि एक बदक घेऊन लेविन आनंदात परततो, आणि वाचकही त्याच्याबरोबर. पुढे टॉलस्टॉयने शिकार सोडली, मांसाहार सोडला, आणि १८९२ साली शाकाहाराचा पुरस्कार करणारा निबंध प्रसिद्ध केला. तो निबंध मला पटतो. पण पुन्हा पुन्हा उघडतो ते हे प्रकरण. लास्काच्या सुखात आपण वाटेकरी झालो, ही टोचणी घेऊनच ते वाचावे लागते.