घर नव्हे, चौक

बेलापूरच्या ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’मध्ये चार्ल्स कोरिया यांची घरं पाहायला जाणाऱ्याची निराशा होते. माझीही झाली होती. १९८३ ते ८६च्या दरम्यान उभ्या राहिलेल्या त्या वसाहतीची उतरत्या छपरांची घरं पुस्तकांत पाहिली होती. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ती पाडून लोकांनी स्लॅबचे दोन-तीन मजली बंगले बांधलेत. ‘लोकांनी वाट लावली’ असं म्हणत मी परतलो.

दुसऱ्या खेपेस घरांकडे न बघता जमिनीकडे बघितलं, तेव्हा आपलं चुकल्याचं कळलं. सात घरांमध्ये साधारण आठ मीटरचा एक चौक, असे तीन गट मिळून त्याहून मोठा चौक, आणि अशी साखळी थेट वस्तीच्या मुख्य मोकळ्या जागेपर्यंत. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे लहान-मोठ्यात फारसा फरक नाही. शेजाऱ्याची भिंत सामायिक नाही, त्यामुळे कुणालाही न विचारता आपलं घर वाढवता यावं. घरं बदलली, पण चौक शाबूत आहेत. कोरियांची खरी रचना घराची नव्हती, जमिनीच्या वाटणीची होती.

आपल्याकडे वास्तुरचनेवरचं लेखन मात्र दर्शनी भागापाशीच घुटमळतं. भूखंड कुणी पाडले, रस्ता कुठून गेला, मोकळी जागा कुणाच्या नावावर राहिली, हे प्रश्न त्यात येतच नाहीत.

बेलापूरला कोरियांना हे जमलं, कारण जमीन सिडकोच्या, म्हणजे एकाच मालकाच्या हातात होती. आता गिरणगाव पाहा. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीची ढोबळमानाने तीन वाट्यांत विभागणी होती : महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि मालकाला विकासासाठी. १९९६ साली राज्य सरकारने कोरियांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या सुट्यासुट्या न विकता त्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार व्हावा, असं समितीने सुचवलं. पुढे २००१ साली नियम बदलला. वाटणी आता गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळी असलेल्या जमिनीचीच. शेड पाडून मोकळी होणारी जमीन त्यातून वगळली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली. त्या एका कलमाने परळ-लोअर परळचा चेहरा जितका ठरवला, तितका तिथल्या कुठल्याही टॉवरच्या वास्तुविशारदाने ठरवला नाही. वाटणी आधीच झाली होती. त्याच्या हाती उरलं ते एफएसआयचं गणित आणि काचेचा रंग.

म्हणून ‘वास्तुविशारदाला अधिकार द्या’ एवढं म्हणून भागेल का? मला तसं वाटत नाही. १९६५ साली कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. मुंबईच्या कोंडीवरचं ते दूरदृष्टीचं उत्तर होतं, यात वाद नाही. पण नकाशावर जी जागा रिकामी दिसत होती, तिथे आगरी-कोळ्यांची भातशेती होती, मिठागरं होती. संपादनाच्या मोबदल्यासाठी १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं आणि पोलिसांच्या गोळीबारात पाचजण मेले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा भूमिपुत्रांना मिळण्याची योजना त्यानंतरची. म्हणजे हा वाटा मूळ आराखड्यातून आलेला नाही, तो लढून मिळवावा लागला.

बेलापूरचे चौक मला आजही आवडतात. सात कुटुंबांना एक अंगण देण्याइतका विचार जो माणूस करू शकतो, त्याच्या शहरात आधीच्या गावालाही अंगण मिळायला हवं होतं. वास्तुविशारदाचं काम जमिनीच्या वाटणीपासून सुरू होतं असं मानलं, तर जमीन कुणाकडून आली याचा जाबही त्याला द्यावा लागेल. आणि तो विचारणं हे समीक्षेचं काम आहे.