घुसमट : रूपकातली आणि छातीतली

मराठी समीक्षेत ‘घुसमट’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. नायकाला कचेरी सोसत नाही, नायिकेला सासर, लगेच घुसमट. हा शब्द मुळात श्वासाचा आहे, हे आपण विसरून गेलो आहोत. एमिल झोलाची ‘जर्मिनल’ (१८८५) ही कादंबरी त्याची आठवण करून देते.

तीतला म्हातारा बोनमॉर आठव्या वर्षी कोळशाच्या खाणीत शिरला. अठ्ठावन्नाव्या वर्षीही तो काळे बेडके थुंकत कामावर आहे, कारण साठी गाठली तर पेन्शन १५० ऐवजी १८० फ्रँक मिळेल. शेवटी तो विझलेल्या चुलीसमोर खुर्चीला खिळतो. वाचा गेलेली, पायाशी थुंकण्यासाठी राखेची ताटली. खाणीच्या भागधारकाची मुलगी सेसिल त्याच्यासाठी दानाचे जोडे आणते. त्याला आता चालताच येत नाही. तो तिचा गळा आवळतो.

या प्रसंगात वर्गसूडाचे प्रतीक पाहता येते. ते वाचन चूक नाही, अपुरे आहे. मुलगा सैनिकांच्या गोळीने गेलेला, घरात उपासमार; म्हाताऱ्याच्या मौनाचे खापर एकट्या फुफ्फुसावर फोडता येणार नाही. परंतु त्या मौनात काय चालले होते, तिथे झोला आपल्याला नेत नाही. ए. जे. क्रोनिनच्या ‘द सिटाडेल’मध्ये (१९३७) खाणकामगारांच्या छातीचा शोध घेणारा डॉक्टर आहे, पण मन उलगडते ते डॉक्टरचेच.

श्वास अपुरा पडला की भीती वाढते, भीतीने श्वास उथळ होतो, धाप आणखी वाढते, हे वैद्यक आज जाणते. सिलिकोसिस काम सोडल्यावरही वाढू शकतो. तो बरा करणारे औषध नाही. रात्र बसून काढायची, कमावता हात थांबला म्हणून घरच्यांची नजर चुकवायची. छातीचा एक्स-रे निघतो, या उदासीचा निघत नाही. म्हणून ती टिपणे लेखकाचे काम ठरते.

आपली भाषा त्याला अनुकूल आहे. ‘जीव घाबरा झाला’ म्हणताना ती श्वास आणि मन वेगळे करीत नाही. गिरणीच्या, खाणीच्या कथेत खोकला केवळ वातावरणनिर्मितीसाठी येत असेल, तर समीक्षकाने लेखकाला विचारावे : खोकणाऱ्याला काय वाटत होते?