शेऱ्याचा रकाना

पाइप जमवणाऱ्या माणसाच्या नोंदवहीत काय असेल, हे ती न उघडताही सांगता येतं. बनवणारा कोण, आकार कुठला, लांबी किती, वाटी किती खोल, पोकळीचा व्यास किती, वजन, कुठे घेतला, कितीला घेतला. पूर्वी हे जाड पुठ्ठ्याच्या वहीत असायचं, आता एक्सेल शीटमध्ये असतं आणि सोबत चार बाजूंनी काढलेले फोटो असतात. सगळ्यात शेवटी ‘शेरा’ नावाचा एक रकाना उरतो. बहुतेकांचा तो रिकामाच असतो. मला त्याच रकान्याबद्दल बोलायचं आहे, कारण साहित्यात मला सापडलेली पाइपची सगळ्यात चांगली नोंद अख्खी त्या एका रकान्यात बसते.

ती नोंद शेरलॉक होम्सची आहे. आर्थर कॉनन डॉयलची ‘द यलो फेस’ ही गोष्ट १८९३ साली छापून आली. (पुढे मी तिचा शेवट सांगणार आहे. सव्वाशे वर्षं उलटून गेलेल्या गोष्टीला स्पॉयलर अलर्ट लावायचा नसतो.) होम्स घरी नसताना एक माणूस येतो, वाट बघून कंटाळतो, निघून जातो आणि त्याचा पाइप टेबलावर विसरतो. होम्स तो उचलून वाचायला लागतो. मूळ किंमत साडेसात शिलिंगांच्या आसपास. दोनदा मोडलेला, एकदा लाकडी दांडीत आणि एकदा तोंडाशी धरायच्या अंबराच्या भागात, आणि दोन्ही वेळा चांदीची पट्टी बसवून सांधलेला. म्हणजे डागडुजीला पाइपच्या किमतीपेक्षा जास्त पैसे गेले. वाटीची उजवी बाजू करपलेली. काडीने पेटवला तर बाजू अशी करपत नाही, म्हणजे हा माणूस दिव्याच्या ज्योतीवर पाइप पेटवतो, आणि उजवी बाजू ज्योतीकडे जाते म्हणजे तो डावखुरा आहे. अंबरात दात पार रुतलेत, म्हणजे दात उत्तम आणि अंगात जोर. तंबाखू महागातली, म्हणजे पैशाची ददात नाही.

या नोंदीत लांबी नाही, वजन नाही, आकाराचं नाव नाही. पाइप कोणत्या कारखान्यातून निघाला यात होम्सला रस नाही. तो कारखान्यातून बाहेर पडल्यावर त्याचं काय काय झालं, एवढंच तो बघतो. झीज, जळण, चावा, सांधा.

आता गंमत बघा. पाइपबद्दलचं एकूण एक विधान बरोबर येतं आणि केसबद्दलचं अनुमान साफ चुकतं. पाइपचा मालक ग्रँट मन्रो याची बायको त्याच्यापासून काहीतरी लपवत असते. होम्स ठरवतो की तिचा पहिला नवरा जिवंत असणार आणि तो तिला धमकावून पैसे उकळत असणार. प्रत्यक्षात त्या घरात तिची लहान मुलगी असते. पहिला नवरा कृष्णवर्णीय होता, मुलगी बापासारखी दिसते, आणि हे कळलं तर दुसरा नवरा आपल्याला सोडून देईल या भीतीने आईने तिला मुखवट्याआड ठेवलेलं असतं. मन्रो थोडा वेळ गप्प उभा राहतो. मग मुलीला उचलून तिचा मुका घेतो, आणि दुसरा हात बायकोपुढे करतो. होम्सजवळ यातलं काहीच नव्हतं.

खरंच नव्हतं का? माझं म्हणणं असं की होतं, आणि त्यानेच ते तासाभरापूर्वी मोठ्याने म्हटलं होतं. तेवढ्याच पैशात नवा पाइप आला असता, तरी हा माणूस जुनाच सांधून वापरतो, याअर्थी तो त्याला फार मोलाचा वाटतो. मोडलेली गोष्ट टाकून न देणारा माणूस मोडू घातलेल्या संसाराचं काय करेल, याचं उत्तर त्या दोन चांदीच्या पट्ट्यांवर होतं. होम्सने ते टिपलं आणि पुढे वापरलं नाही. या गोष्टीला होम्सच्या मोजक्या अपयशांपैकी एक म्हणून ओळखतात. मला ती नोंद आणि वाचन यांतल्या अंतराची गोष्ट वाटते.

संग्राहकांच्या मोजमापांना मी हसत नाहीये. ती विद्या अवघड आहे आणि तिच्यात जीव लावणारी माणसं मला आवडतात. डनहिलच्या जुन्या पाइपांवर ‘इंग्लंड’ या शब्दानंतर एक बारीक आकडा असतो. त्यावरून पाइप कुठल्या साली घडला ते काढता येतं, पण त्यासाठी आकड्याचा आकार, पेटंट क्रमांक आणि वाटीवरचं काम हे तिन्ही जुळवून बघावं लागतं. इंग्रजी पाइपवर चांदीचा पट्टा असेल तर त्यावरचा ठसा भिंगाखाली धरायचा. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं मुंडकं म्हणजे लंडन, आणि शेजारचं अक्षर म्हणजे साल, कारण हे अक्षर वर्षागणिक बदलतं. यात एक गोम आहे आणि जाणकार संग्राहक ती नोंदवतात. ठशातलं साल चांदीचं असतं, लाकडाचं नसतं. पट्टा जर दुरुस्तीचा असेल, तर ते अक्षर पाइप कधी जन्मला हे सांगत नाही. तो कधी मोडला हे सांगतं. मन्रोच्या पट्ट्यांवर असे ठसे असते, तर त्याच्या पाइपच्या नोंदीत जन्मतारीख कोरी राहिली असती आणि अपघातांच्या दोन तारखा मिळाल्या असत्या. एवढी नेमकी विद्या हाताशी असताना शेऱ्याचा रकाना रिकामा का राहतो, हा माझा प्रश्न आहे.

त्याचं एक उत्तर मला ज्याच्या नावाचे पाइप लोक सगळ्यात जास्त जमवतात त्या माणसाकडेच सापडतं. आल्फ्रेड डनहिलने १९०७ साली लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचं दुकान थाटलं. तिथे गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे तंबाखूची मिसळ करून मिळायची आणि ती ‘माय मिक्स्चर’ नावाच्या वहीत क्रमांक घालून लिहून ठेवली जायची. पुन्हा आलात की तुमच्या क्रमांकाची मिसळ तयार. यातली ९६५ नंबरची पुढे डबाबंद होऊन जगभर विकली गेली. म्हणजे जिभेची आवड लिहून ठेवायची वही. वाण्याच्या उधारीच्या वहीची चुलतबहीणच, फक्त हिच्यात येण्याऐवजी चव मांडलेली.

याच डनहिलने १९२४ साली ‘द पाइप बुक’ हा ग्रंथ लिहिला. जगभरचे पाइप त्याने पदार्थ, प्रदेश आणि लोकसमूह यांच्या हिशेबाने मांडले. माती, दगड, हाड, लाकूड, पाण्यातून धूर ओढायची साधनं, हे सगळं त्यात आहे. वाचायला रंजक आहे आणि माहिती अफाट आहे. पण वाचताना एक गोष्ट टोचत राहते. आफ्रिकेतला किंवा उत्तर अमेरिकेतला पाइप इथे एका जमातीचा नमुना म्हणून येतो. तो कुणा एकाच्या तोंडात होता, त्याला तो आवडायचा की नाही, हे विचारण्याची गरजच पुस्तकाला वाटत नाही. दुकानात येणाऱ्या साहेबाला वहीत स्वतःची चव मिळते, आणि दूरच्या माणसाला ग्रंथात फक्त आपली जमात मिळते. एकाच माणसाची ही दोन दफ्तरं आहेत. साम्राज्याच्या काळातला संग्रह असाच असायचा असं म्हणून हे सोडून देता येईल. मला सोडवत नाही, कारण आजची संग्राहकाची एक्सेल शीट त्या वहीवरून उतरलेली नाही. ती ग्रंथावरून उतरली आहे. फरक इतकाच, की जमातीच्या जागी कंपनी आली.

बाजाराने यात आपली भर घातली. कधीच न ओढलेल्या जुन्या पाइपला ओढलेल्यापेक्षा जास्त भाव येतो. वापरलेला पाइप विकायचा तर आधी तो ‘ताजा’ करून घ्यायचा. वाटीच्या आतला काजळीचा थर खरवडायचा, हिरवट तपकिरी पडलेली रबराची दांडी घासून पुन्हा काळी चकचकीत करायची, दातांच्या खुणा भरून काढायच्या. काम कौशल्याचं आहे. पण होम्सने वाचलं ते नेमकं हेच सगळं, आणि ते विकण्याआधी पुसून टाकतात. नंतर नोंदीत लिहितात, ‘अवस्था उत्तम’.

संग्रहालयं कधीकधी बरी वागतात. अमेरिकेत स्मिथसोनियनकडे आइन्स्टाइनचा एक पाइप आहे. चावून चावून त्याच्या तोंडाशी भोक पडलं आहे. कुणी ते बुजवलं नाही. ते बुजवलं असतं तर उरला असता तो कुणाचाही पाइप. मीअरशामचा पाइप तर स्वतःच नोंद ठेवतो. तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरजवळ निघणाऱ्या या मऊ पांढऱ्या खनिजाचा पाइप ओढता ओढता आधी मधाच्या आणि मग तपकिरी रंगाचा होत जातो. मालक आळशी असला तरी त्याने किती ओढलं हे लपत नाही.

तुर्कस्तानचं नाव निघालंच आहे, तर ओरहान पामुकला टाळता येत नाही. त्याच्या ‘द म्युझियम ऑफ इनोसन्स’ कादंबरीतला केमाल आपल्या प्रेयसीने ओढून विझवलेली सिगारेटची थोटकं गोळा करतो. पामुकने २०१२ साली इस्तंबूलमध्ये याच नावाचं संग्रहालय उघडलं आणि तिथे भिंतभर ४,२१३ थोटकं टाचून लावली, खाली हाताने लिहिलेल्या टिपा. प्रत्येक थोटूक वेगळं चिरडलेलं. कल्पनेतल्या बाईची एवढी खरी नोंद मी दुसरीकडे पाहिलेली नाही. तरी तिथे माझा श्वास थोडा कोंडतो. चार हजारांवर टिपा, आणि सगळ्या केमालच्या नजरेच्या. जिची थोटकं आहेत तिने लिहिलेली त्यांत एकही नाही.

हे सगळं मला सुचलं ते एका वहीमुळे. माझे मोठे मामा मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते आणि बंदरोबंदरी पाइप घ्यायचे. एकूण एकवीस. ते गेल्यावर वही आणि पाइप माझ्याकडे आले, ‘तू लिहितेस ना, मग तूच बघ’ या न्यायाने. मी ती वही एखाद्या पुस्तकासारखी वाचली आणि परीक्षण करायचं तर असं करीन : सुरुवात उत्कृष्ट, मधला भाग निर्जीव. पहिल्या सहा-सात पाइपांना प्रत्येकी अर्धं पान आहे. कुठल्या वाऱ्यात पेटत नव्हता, कुणाशी बोलताना वाटीचा काठ रेलिंगवर आपटून टवका गेला, कुठला पाइप फक्त रात्रपाळीनंतरचा. मग त्यांनी कुठूनतरी पाइपांवरचं इंग्रजी पुस्तक मिळवलं असावं, कारण आठव्यापासून भाषाच बदलते. ‘बिलियर्ड. १४ सेंमी. फिनिश चांगलं.’ ज्ञान वाढलं आणि मामा वहीतून निघून गेले. चौदा पाइप असेच.

शेवटच्या पानावर ते परत येतात. डॉक्टरांनी बंद करायला सांगितल्यानंतरच्या त्या ओळी. ‘क्र. ४. ओढला नाही. नुसता पुसला.’ ‘क्र. ११. पुसला. वास घेतला.’ तारखा आहेत, दुसरं काही नाही.

मी हे पान कौतुकाने मामीला दाखवलं. तिने चष्मा लावून अख्खी वही चाळली, मागून पुढे. मग म्हणाली, “छान लिहायचा गं. पण यात त्याचा खोकला कुठे आहे?”

मला यावर काही बोलता आलं नाही. पाइपच्या संस्कृतीत धुराचा सुगंध असतो, खुर्ची असते, विचारमग्न चेहरा असतो. तोंडाचा, घशाचा, फुप्फुसाचा कॅन्सर पाइपनेही होतो, हे कुठल्याच रकान्यात नसतं. होम्सने दात उत्तम असल्याचं लिहिलं. त्या दातांमागच्या घशाबद्दल तोही गप्प आहे. झिजलेल्या पाइपची नोंद हवी असं मी मघापासून म्हणते आहे. पाइपने झिजवलेल्या माणसाची नोंद ठेवायची झाली, तर ती बहुधा दुसऱ्याच कुणालातरी लिहावी लागते, घरातल्या.

पाइप विकावेत असं मामीचं स्पष्ट मत आहे. एका व्यापाऱ्याने फोटो बघून कळवलं, दातांच्या खुणा काढून द्या, भाव बराच वाढेल. खुणा न काढता काय देता, असं मी विचारलं आहे. दरम्यान मी एकवीसही पाइपांचे तोंडाकडचे फोटो काढले, वाटीच्या आतले काढले, करपलेल्या बाजूंचे काढले, आणि वही मामीकडे ठेवून आले.

आठवड्याने परत आणली तेव्हा आठव्यापासून पुढचे शेऱ्याचे रकाने भरले होते, निळ्या बॉलपेनने. बरेचसे एका ओळीचे. ‘हा मी आणलेला. बाजारात घासाघीस करून.’ ‘हा कधी आवडला नाही, पण फेकवेना.’ आणि क्रमांक १४ समोर : ‘हा रात्री गॅलरीत. खोकला इथून.’