व्यसन ‘वळतं’ म्हणजे नक्की काय होतं?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल वाचताना तुम्हाला एक वाक्य हमखास भेटतं : खाण्याचं व्यसन सुटलं की ते दारूकडे वळतं. पटतंही चटकन. मीही बरेच दिवस हेच धरून चालले होते.

मग 2012 साली ‘जामा’मध्ये आलेला वेंडी किंग आणि सहकाऱ्यांचा पेपर नीट वाचला. अमेरिकेतल्या 10 रुग्णालयांतले 1945 रुग्ण, शस्त्रक्रियेआधी आणि नंतर दर वर्षी दारूबद्दलची ठरावीक प्रश्नावली. दारूची समस्या शस्त्रक्रियेआधीच्या वर्षात 7.6 टक्के लोकांना होती, नंतरच्या पहिल्या वर्षी 7.3, दुसऱ्या वर्षी 9.6. पहिलं वर्ष बघून ‘सगळं ठीक’ म्हणणारा इथेच फसतो. त्या वर्षी वजन भराभर उतरत असतं, सगळे कौतुक करत असतात. सवयींची परीक्षा त्यानंतर.

आता खरी गंमत. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे दारू झटकन रक्तात उतरते, तोच पेग जास्त चढतो. बँडमध्ये जठर वरून फक्त आवळतात. व्यसन नुसतं मनातून ‘वळत’ असतं, तर दोन्हीकडे साधारण सारखंच वळायला हवं ना? पण बायपासवाल्यांत धोका जवळजवळ दुप्पट निघाला. याच गटाने 2017 मध्ये पाच वर्षांचा हिशोब दिला : बायपासनंतर 20.8 टक्के लोकांत समस्येची लक्षणं नव्याने दिसली, बँडनंतर 11.3.

पुरावा पक्का नाही, हेही सांगायला हवं. कुणाची कुठली शस्त्रक्रिया हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, बँडने वजनही कमी उतरतं, आणि शस्त्रक्रिया न झालेल्यांचा गट तुलनेला नाही. उत्तरं रुग्णांनी स्वतः दिलेली, म्हणजे लपवालपवीही आलीच.

मनाचा भाग उरतोच. आपल्याला आपली म्हणावी अशी माणसं आहेत, असं ज्यांना आधीपासून कमी वाटत होतं, त्यांच्यात धोका जास्त होता. हा धागा मला आणखी ओढलेला हवा होता. कारण हे मोजमाप शस्त्रक्रियेआधीचं आहे. नंतर पंगतीत चार घासांत हात आखडावा लागतो, तेव्हा या भावनेचं काय होतं, ते यातून कळत नाही.

‘व्यसन वळलं’ या शब्दांवर माझा राग एवढ्यासाठीच, की त्यात सगळा दोष रुग्णाच्या मनावर जातो. मग तो लाजेने डॉक्टरांना काही सांगतच नाही. पूर्वीचाच एक पेग आता दोनासारखा लागेल, हे त्याला ऑपरेशनआधी सांगितलं होतं का, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

आज सर्रास होते ती स्लीव्ह : जठर कापून नळीसारखं करतात, आतडं तसंच राहतं. या पेपरात तिचे रुग्ण मोजकेच आहेत. सध्या तिच्यावरचे पेपर वाचतेय.