बागेतल्या शंभर बायका

डॉ. अंजली जोशींची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी कमलनगरच्या घरी दुपारी वाचली. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा जनक एलिस १९ वर्षांचा असताना, नकाराची भीती घालवायला न्यूयॉर्कच्या बागेत शंभरेक अनोळखी बायकांशी बोलला. भेटायला कबूल झाली एकच, तीही आली नाही. पण भीती गेली! छानच. पण बायांनो, आपल्यातली कुणी बसस्टँडवर असं करेल? ‘लोक नावं ठेवतील’ हा आपला नुसता भ्रम नसतो, लोक ठेवतातच. तरी एलिस मला पटतो तो इथेच: लोकांनी नावं ठेवली म्हणून मी कवडीमोल ठरत नाही. गेल्या दशलक्षण पर्वात मला उपवास झेपला नाही. बायका कुजबुजल्या, घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी मात्र मंदिरात गेले, नेहमीच्याच जागी बसले.