आपापल्या भाषेत

पन्नासाव्या दिवशी ज्यांनी आपापल्या भाषेत सुवार्ता ऐकली, त्यांच्या यादीत शेवटचे नाव अरबांचे आहे. अरबी ख्रिस्ती वाहिनी सॅट-७ हिने मे १९९६ मध्ये आठवड्यातून अवघ्या दोन तासांनी प्रक्षेपणास आरंभ केला. २००६ साली फारसी व २०१५ साली तुर्की वाहिनीही निघाली. तिचे खरे मर्म असे की, तिचे कार्यक्रम मुख्यतः त्याच प्रदेशातील ख्रिस्ती जन घडवितात.

या कसोटीवर आपली सेवा पाहू. १९५६ साली म्हैसूर राज्यात आलेल्या बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात, भालकी-औरादकडे, एकाच माणसाची घरची भाषा मराठी, शाळेची कन्नड आणि बाजारातली दखनी असते. त्याच्या घरच्या पडद्यावर मात्र पुष्कळदा परक्या वक्त्याचे, वरून मराठी आवाज चढविलेले प्रवचन चालते. शब्द मराठी असतात. दृष्टांत व आर्जव परके.

भाषांतराला आम्ही दोष देत नाही. शास्त्रही आपल्याला भाषांतरानेच लाभले. परकेपणही दोष नव्हे. फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज, तरी १६१६ साली छापलेले त्यांचे क्रिस्तपुराण ओवीत आहे. रेव्हरंड टिळकांनी कीर्तन स्वीकारले. दोघांनी भाषेबरोबर येथील रूपही आपलेसे केले.

उपासनेस येऊ न शकणाऱ्या वृद्धेला दूरचित्रवाणीचा आधार आहे, हे आम्ही कृतज्ञतेने मानतो. पण तिच्या बोलीत तिच्याशी कोणी बोलतच नसेल, तर ती केवळ प्रेक्षक राहील. तिच्या दारी जाण्याचे पाळकाचे कर्तव्य कोणतीही वाहिनी पार पाडू शकत नाही.