मॅमथसमोरचा माणूस: पुरावा किती, चित्रकार किती?

आदिमानवाची शिकार म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? कातडी पांघरलेले दाढीवाले पुरुष, हातात भाले, आणि मधोमध सोंड उगारलेला मॅमथ. हे चित्र इतकं ओळखीचं झालंय, की तेही कुणीतरी पहिल्यांदा काढलं असणार, हे आपण विसरतो.

पडद्यावरची ही दोन चित्रं बघा. दोन्ही लुई फिगिए या फ्रेंच लेखकाच्या ‘प्रलयापूर्वीची पृथ्वी’ या पुस्तकातली. १८६३ च्या पहिल्या आवृत्तीत माणूस अवतरतो तो बायबलातल्या ईडन बागेत शोभावा असा, शांत निसर्गात. १८६७ च्या आवृत्तीत ते चित्र काढून टाकलं. त्या जागी आली कातडी नेसलेली, कुऱ्हाडी घेतलेली माणसं, आणि भोवती आज नामशेष झालेली जनावरं.

चार वर्षांत एवढा बदल का? सोम नदीच्या खोऱ्यात बूशे द पेर्त यांना नामशेष प्राण्यांच्या हाडांबरोबर दगडी हत्यारं सापडली होती. १८५९ मध्ये इंग्रज अभ्यासकांनी तिथे जाऊन ती खरी मानली. १८६४ मध्ये ला मादलेन इथे मॅमथच्या सुळ्यावर कोरलेला मॅमथ मिळाला. म्हणजे कोरणाऱ्याने तो जिवंत पाहिला असणार. तेव्हा माणूस आणि मॅमथ एका चौकटीत आणणं हे त्या काळी धाडसाचं विधान होतं. त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

माझा आक्षेप पुढचा आहे. पुरावा होता सहवासाचा. चित्रकारांनी रंगवली झुंज. पॉल जामँ १८८५ मध्ये मॅमथपुढून पळणारी माणसं दाखवतो. मॉस्कोच्या इतिहास संग्रहालयात व्हिक्टर वास्नेत्सोव त्याच सुमारास खड्ड्यात सापडलेला मॅमथ आणि त्यावर तुटून पडलेली टोळी रंगवतो. मला वास्नेत्सोव जास्त पटतो, कारण तिथे एकटा वीर नाही, सगळ्यांचं मिळून काम आहे. पण मॅमथ दाखवताना क्षण दोघांनीही मरण-मारण्याचाच निवडला. जामँच्या चित्रात मांस वाटणं, कातडं सोलणं, दिवस-दिवस वाट बघणं, यातलं काहीच नाही.

आता ज्यांनी मॅमथ खरोखर पाहिला, त्यांच्याकडे वळू. फ्रान्सच्या रूफिन्याक गुहेत दीडशेहून अधिक मॅमथ काढलेले आहेत. त्यांच्यावर भाले उगारलेले शिकारी मात्र नाहीत.

म्हणून शिकार झालीच नाही, असं मी म्हणत नाही. जर्मनीत लेरिंगेन इथे हत्तीच्या बरगड्यांमध्ये लाकडी भाला सापडलाय. सायबेरियात याना इथे मॅमथच्या खांद्याच्या हाडात रुतलेले हत्याराचे तुकडे मिळालेत. शिकार होत होती. पण तेच त्यांचं सगळं जगणं होतं, हे चित्रकारांनी ठरवलं, आणि त्या चित्रांवर वाढलेल्या आपण ते मान्य केलं.

मुलांना हे चित्र दाखवताना एवढंच करा: यातलं हाडांवरून काय कळलं आणि चित्रकाराने काय घातलं, ते त्यांना वेगवेगळं सांगा. चित्राची गंमत त्याने कमी होत नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.